तांदळाची चिमूट

८ नोव्हेंबर

सभेच्या सेक्रेटरींचा फोन आला. मार्गळीच्या, थंडीतल्या नाचगाण्याच्या मोसमात सत्तावीस डिसेंबरची संध्याकाळ मला दिली आहे. एकटीचा कार्यक्रम, इतक्या वर्षांनी. मुलींना शिकवता शिकवता मी स्वतःही नाचते हे इथे चेन्नईत, मैलापुरात, बहुतेकांच्या डोक्यातून गेलंच होतं. माझ्याही गेलं होतं म्हणा.

शिवाय त्यांच्या स्मरणिकेला एक टिपण हवं आहे. विषयही त्यांचाच: कला म्हणजे काय, आणि माणसाच्या उपजत प्रवृत्तीशी तिचं नातं काय. चटणीची कृती मागावी तसं मागितलं. मीही अगदी सहज हो म्हणाले.

अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं, आता अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसतात. म्हणाले, "त्यात काय अवघड आहे? ज्याचा काही उपयोग नाही, ते. आम्ही उपयोगाचं बनवायचो, आणि त्यानं माणसं मरायची." मग मीनाक्षी त्यांची इडली घेऊन आली आणि विषय तिथेच राहिला. मीनाक्षी आहे म्हणून माझं सगळं चाललं आहे. त्यांचं खाणंपिणं, औषधं, सगळं तीच बघते.

१२ नोव्हेंबर

मुख्य रचना ठरली. एक आई भात शिजवते, मुलाला जेवायला हाक मारते, मूल उठत नाही. ती पुन्हा हाक मारते, भात निववते, घास करते, आणि मग तिला कळतं. शब्द मराठी, साध्या ओवीच्या चालीवर मीच बांधलेले. माझे जुने गायक वेंकटरमण गाणार. तंजावरच्या राजांनी दोनशे वर्षांपूर्वी मराठीतून नाच बसवले, मग आपण का नको, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, शब्द कुठलेही दे, मला सूर कळले की झालं.

आज त्यांच्यापुढे पूर्ण करून दाखवलं. हस्तमुद्रा बरोबर, नजर बरोबर, ताल तर माझा कधी चुकत नाही. झाल्यावर ते शांतपणे पाणी प्यायले. मग म्हणाले, "सरिया इरुक्कु." म्हणजे बरोबर आहे. त्यांच्या तोंडून एवढंच आलं की समजावं, काहीतरी मेलेलं आहे.

माझ्या गुरूअम्मा म्हणायच्या, रडायचं प्रेक्षकांनी, तू नाही. तू रडलीस तर ते बघत बसतील. आयुष्यभर मी हेच धरून चालले आणि मुलींनाही हेच शिकवलं. पण आज मला वाटलं, माझ्या नाचात रडण्यासारखं कुणाला काही मिळतच नसेल तर?

टिपणासाठी पहिलं वाक्य लिहिलं: "जे सहज येतं ते कला नव्हे." बरं दिसतंय.

१६ नोव्हेंबर

जननी आज पुन्हा उशिरा आली. माझ्याकडे सात वर्षांची असल्यापासून येते, आता कॉलेजात आहे. हिच्यासारखं अंग मी दुसऱ्या मुलीत पाहिलं नाही. घरची मूळची तंजावरची, म्हणजे मराठीच, पण त्यांची मराठी इतकी जुनी की पहिल्यांदा ऐकताना मला पोथी वाचल्यासारखं वाटायचं. ती अजून मला ऐवजी मज म्हणते.

तिच्या ओढणीला रस्समचा वास होता. मी रागावले, नाचाच्या वर्गाला स्वयंपाकघरातून येतात का म्हणून. ती म्हणाली, "अम्मास भरवून आलें अक्का. ती दुसऱ्याच्या हातून घेईना." तिची आई चित्रा उन्हाळ्यापासून आजारी आहे. घशाचा आजार आहे, गिळता येत नाही. भात पार पेज होईस्तोवर कुस्करून भरवायला एकेक तास लागतो म्हणे. तिचे वडील अरुणराव बँकेतून येईपर्यंत ही एकटीच असते.

मला वाईट वाटलं. तरी शेवटी मी तिला सांगितलंच की गुडघे वाकवून धरायची बैठक सैल पडली आहे, सराव सुटला की असंच होतं.

२२ नोव्हेंबर

चित्रा काल गेली.

सकाळी रिक्षाने गेले. गल्लीच्या तोंडाशीच चपला दिसल्या. तिला हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवलं होतं, नंतर बाहेर काढून आंघोळ घातली, नवी साडी नेसवली. चित्रा माझी मैत्रीण होती असं मी म्हणू शकत नाही. पण दर विजयादशमीला ती माझ्यासाठी डब्यात काहीतरी घेऊन यायची, आणि मी तिला बसा म्हणायची आणि ती कधी बसायची नाही.

न्यायच्या आधी इथे एक रीत असते. घरातले एकेक जण पुढे होऊन मेलेल्या माणसाच्या ओठांवर कच्च्या तांदळाची चिमूट घालतात. वाय्क्करिसी म्हणतात. तोंडचा शेवटचा घास. बायका स्मशानात जात नाहीत, तेव्हा त्यांचा निरोप एवढाच. सगळ्या भराभर घालत होत्या. कुणी रडत, कुणी मान फिरवून.

जननीची पाळी आली. ती वाकली, चिमूट आईच्या ओठांशी नेली, आणि थांबली. तांदूळ सोडलाच नाही. तिचं स्वतःचं तोंड त्याआधीच उघडलं होतं. अगदी थोडं. लहान मुलाला भरवताना भरवणाऱ्याचं उघडतं ना, तसं. उघडून ती वाट बघत राहिली. आईनं उघडावं म्हणून.

खोलीत कुणी हललं नाही. मग तिच्या आत्यानं कोपराला हात लावला, म्हणाली, "सोड बाळ." तिनं बोटं सोडली. तांदूळ ओठांवरून घरंगळला, आणि तेव्हा जननीचं तोंड मिटलं आणि तिनं आवंढा गिळला. आईचा घास आपण गिळल्यासारखा.

माझे डोळे भरून आले, ते खरे होते, हे इथे लिहून ठेवते. कारण त्यापाठोपाठ जे मनात आलं तेही खरं होतं. माझ्या मनात आलं की तोंड आधी उघडलं, मग हात थांबला. हाताच्या आधी तोंड.

२४ नोव्हेंबर

आज वर्गाच्या हॉलवर कुणी नव्हतं. आरशासमोर बसून करून पाहिलं. आधी बघवेना. आपण काय करतोय असं वाटून उठले, खिडकी उघडली, खाली फुलवालीचं भांडण चाललं होतं ते थोडं ऐकलं. मग पुन्हा बसले.

येत नाही. तोंड उघडतं, पण ते उघडलेलं तोंड आहे, एवढंच. दाताच्या डॉक्टरकडे उघडावं तसं. जननीनं ते केलंच नव्हतं, ते झालं होतं. आणि मी तर व्याख्या लिहून बसले आहे की जे सहज येतं ते कला नव्हे. मग ते काय होतं? चाळीस माणसं एका जागी खिळली होती. माझ्यासमोर कधी खिळली होती?

टिपणातलं पहिलं वाक्य खोडलं.

२७ नोव्हेंबर

मला एक युक्ती सुचली. दुपारी मीनाक्षीला म्हटलं, आज अण्णांना मी भरवते. ती एकदम चकित झाली, मग खूश झाली. अण्णांना आतल्या खोलीत, कपाटाच्या आरशासमोर बसवलं. दहीभात केला होता. चमचा नको म्हटलं, हाताने भरवते.

एक घास, दुसरा घास. मी आरशात माझ्या तोंडाकडे बघत होते. मिटलेलंच. अण्णांचं उघडायचं, माझं नाही. चार-पाच घास झाल्यावर वाटलं, मी फार लक्ष देतेय म्हणून होत नसेल, म्हणून मुद्दाम दुसरा विचार करून पाहिला. तरी नाही. आणि मीनाक्षी दाराशी उभी राहून बघत होती, तिचं मात्र प्रत्येक घासाला अलगद उघडत होतं. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

अण्णा म्हणाले, "यामिनी, कुणाकडे बघत्येस?"

मी म्हटलं, "कुणाकडे नाही. तुमच्याकडेच."

ते म्हणाले, "मी इकडे आहे." आणि पुढचा घास नको म्हणून मान फिरवली. वय झालं की माणसं हट्टी होतात. उरलेलं मीनाक्षीनं भरवलं, तेव्हा सगळं संपवलं.

मीनाक्षीचं तोंड मात्र नीट पाहून ठेवलं. ओठ सुटतात, पण जबडा सुटत नाही. तिथेच मी चुकत होते.

२ डिसेंबर

जमलं. कसं ते नक्की सांगता येणार नाही. शंभरदा करून अंगात मुरवलं, मग एकदा न ठरवता झालं. आज वेंकटरमणांपुढे संपूर्ण रचना केली. घास हातात, हात ओठांशी, तोंड उघडतं, थांबते. इथे मी त्यांना गाणं थांबवायला सांगितलं होतं, फक्त तंबोरा. मग बोटं सुटतात, आवंढा.

त्यांनी पुढची ओळ उचललीच नाही. बघितलं तर चष्मा काढून पंच्यानं पुसत होते. मग विचारलं, "हे कुठून आणलंस?"

मी म्हणाले, "सुचलं."

चित्राच्या घरी ते त्या दिवशी नव्हते. पण जननीच्या घरचं दुःख त्यांना ठाऊक आहे, आणि म्हातारा काही खुळा नाही. एवढंच म्हणाले, "सुचतं ते कुणाचं तरी असतं. विचारून घे."

मला थोडा राग आला. सूर कुणाचे असतात मग, ते कुणाला विचारून घेतात?

५ डिसेंबर

चित्राचं तेरावं परवा झालं. अरुणराव येऊन सांगून गेले की जननी वर्षभर नाचणार नाही, घरची रीत आहे, पण वर्गाला येऊन बसली तर तिच्याच मनाला बरं.

जननीला विचारावं का, याचा दोन दिवस विचार केला. विचारलं तर ती हो म्हणेल. मला ती कधी नाही म्हणालेलीच नाही, तेव्हा त्या हो ला अर्थ नाही. उलट त्या पोरीला आत्ताच ते सगळं आठवून द्यायचं म्हणजे क्रूरपणा. आणि तिला कदाचित कळलंही नसेल आपण काय केलं ते. जे तिनं जाणून केलं नाही ते तिचं तरी कसं? पावसाचं पाणी कुणाचं, तसंच. पुष्कळ विचारांती न विचारण्याचं ठरवलं. तिच्याच भल्याचं आहे.

टिपण पूर्ण करून पाठवलं. शेवट असा केला: "उपजत प्रवृत्ती एकदाच घडते आणि विरून जाते. कला म्हणजे ती वाचवणं. जे कुणा एकाच्या हातून नकळत निसटलं असतं, ते कलावंत सगळ्यांसाठी जपून ठेवतो." सेक्रेटरींनी लगेच फोन केला, फार आवडलं म्हणाले.

१५ डिसेंबर

जननी वर्गाला येऊन कोपऱ्यात बसते, लहान मुलींचे घुंगरू सोडवून देते. बारीक झाली आहे. तिच्यासमोर ती रचना मी करत नाही, तिची वेळ सोडून सराव करते. आज तिनं आपणहून विचारलं, "कार्यक्रमास मी विंगेत राहूं कां? तुम्हांस पिना, पाणी कोण देईल?" नको म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर नको म्हणावंसं वाटलं नाही. तिच्याइतकं पारखी त्या सभागृहात कुणी नसणार, आणि तिनं ते पाहावं असं मला आतून वाटतं आहे.

२८ डिसेंबर

काल रात्रभर झोप आली नाही, आनंदानं.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रचना नीट झाल्या, टाळ्या नेहमीच्या. मग ओवी. भात निववण्यापर्यंत लोक आपापसात कुजबुजत होते, मराठी शब्द आहेत म्हणून. मग घास केला. तोंड उघडलं आणि वेंकटरमण थांबले.

ती शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. तिसऱ्या रांगेत एक बाई हुंदका दाबत होती. मी रडले नाही. गुरूअम्मांना अभिमान वाटला असता. आवंढा गिळला आणि उजवीकडे मान वळवली, ती रचनेतच आहे, तेव्हा विंगेत जननी दिसली. हातात पाण्याची बाटली. तिचा चेहरा काही सांगत नव्हता. ती डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती, जशी चांगली विद्यार्थिनी बघते.

नंतर गर्दी झाली. सेक्रेटरी, दोन वर्तमानपत्रांचे लोक, पुण्याहून आलेल्या एक बाई ज्यांना बोलताच येईना. त्या सगळ्यांत जननीनं माझे घुंगरू सोडले, केसांतल्या पिना एकेक काढल्या, डबीत मोजून ठेवल्या, वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "कसं झालं गं?" ती म्हणाली, "बरोबर होतें अक्का." मग, "अप्पा खाली थांबलेत," म्हणून गेली.

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण लोक होते. तिनं ओळखलं असेल तर तिला बरंच वाटलं असेल. तिच्या आईचा शेवटचा घास आता सभागृहभर माणसांना ठाऊक आहे. याहून मोठं श्राद्ध काय असतं?

७ जानेवारी

जननी आली नाही वर्गाला. परीक्षा असतील.

कोईमतूरच्या एका सभेनं बोलावलं आहे, खास त्याच रचनेसाठी. वर्तमानपत्रात आलं, "एका मिटलेल्या ओठांच्या अंतरावर सगळं मातृत्व." लिहिणाऱ्याला काय म्हणायचं आहे कोण जाणे, पण चांगलं म्हणायचं आहे. अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "तुला ते कुठे दिसलं होतं?" मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. त्यांनी खिडकीकडे मान फिरवली.

वेंकटरमण कोईमतूरला येणार नाहीत म्हणतात. गुडघ्याचं कारण सांगितलं.

१२ जानेवारी

जननी अजून नाही. फोन केला तर अरुणरावांनी घेतला, म्हणाले झोपली आहे. सकाळचे अकरा वाजले होते. "हल्ली फार झोपते," म्हणाले. मग चाचरत विचारलं, "कार्यक्रमात काय झालें? तिथून आल्यापासून अशी आहे." मी म्हटलं, काही नाही, सगळं छान झालं.

फोन ठेवल्यावर मात्र मला बसवेना. अरुणराव सुद्धा तांदूळ घालायच्या वेळी त्या खोलीत होते, आणि ते काही कार्यक्रमाला वर आले नव्हते. खाली थांबले होते. बरं झालं, असं मनात आलं, आणि ते का आलं हे कळून माझीच मला लाज वाटली.

१७ जानेवारी

पोंगल झाल्यावर आज जननी आली. वर्ग सुटला होता. चपला बाहेर काढून आत आली, नमस्कार केला, जमिनीवर माझ्यासमोर बसली. मी तिच्यासाठी कॉफी करायला उठत होते, ती नको म्हणाली.

मीच सुरुवात केली. "तू रागावली आहेस."

"नाही अक्का."

"मी तुला विचारायला हवं होतं."

ती म्हणाली, "विचारलें असतें तर मी हो म्हटलें असतें." अगदी तेच, जे मी स्वतःला सांगितलं होतं. पण तिच्या तोंडून ते निराळंच ऐकू आलं.

मग ती बोलू लागली. मी तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते.

"त्या दिवशी माझें तोंड उघडलें तें मज ठाऊक नव्हतें. तुमचें बघितलें तेव्हां कळलें. त्यावर राग नाही. पण आतां डोळे मिटले की अम्मा दिसेना. खोली दिसते, चटई दिसते, तांदूळ दिसतात. आणि वाकलेली ती मी नाही, तुम्ही असतां. चेहरा रंगवलेला, डोळ्यांत काजळ. खाली अम्मा असायची तिथें स्टेज आहे. मी किती प्रयत्न केला. भरवायचे सगळे दिवस आठवून पाहिले. घास न्यायच्या वेळीं दर वेळीं तुमचें तोंड येतें."

मी म्हणाले, मी ते काढून टाकते. कोईमतूरला जात नाही. पुन्हा कधी करणार नाही.

"काढून माझें परत येईल कां?" तिनं विचारलं. टोचून नाही, खरोखर माहीत करून घ्यायला विचारावं तसं. एवढं टिपण लिहिलं, वाचवणं, जपणं काय काय, आणि पोरीच्या या एका प्रश्नाला माझ्याकडे शब्द नव्हता. मी वाचवलं नव्हतं काही. तिचं होतं ते उचललं होतं, आणि उचललेल्या जागी मी स्वतः बसले होते.

मी रडू लागले. तिनं मला रडू दिलं. मग ती गुडघ्यांवर सरकून जवळ आली.

"अक्का, आतां तें तुमच्याकडेच आहे. मज शिकवा."

मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्यासारखें करतां आलें तर कदाचित तिथें परत मी असेन. दुसरा उपाय मज सुचेना."

कधीच काही न मागणारी मुलगी. मी डोळे पुसले. आम्ही समोरासमोर बसलो. मी ओळ गुणगुणले, हात नेला, थांबले, तोंड उघडलं. तिनं बघितलं. मग तिनं केलं. रिकाम्या चिमटीत जणू तांदूळ धरून ती पुढे वाकली, आणि तिचे ओठ सुटले.

आणि मी म्हणाले, "असं नाही. तोंड जरा आधी. हात नंतर थांबू दे."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. तिलाही कळलं असणार. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली, पदर नीट खोचला आणि मी सांगितलं तसं पुन्हा केलं.